दोरी सोडणारा

ऋजुता मला पतंग शिकवायला लागली तेव्हा माझं वय एकतीस. एवढ्या वयाच्या बाप्याने पतंग उडवावा की नाही यावर आमच्या वाडीत दोन मतं नव्हती. उडवू नये, असं एकच मत होतं आणि ते मला रोज ऐकवलं जायचं.

हा पतंग म्हणजे कागदाचा नव्हे. कापडाचा, पंपाने हवा भरून फुगवायचा, आणि फुगला की आमच्या ओटीभर होणारा. त्याला चार दोऱ्या, एकेक चोवीस मीटर लांब. दोऱ्यांच्या टोकाला आडवा दांडा, आणि तो दांडा कमरेच्या पट्ट्याला आकड्यात अडकवलेला. पायाखाली फळी. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला ओढतो आणि माणूस फळीवर उभा राहून पाण्यावरून सुसाट जातो, असं ऋजुता सांगायची. पहिला महिनाभर यातलं मला फक्त ओढणं तेवढं कळलं.

ऋजुता म्हणजे बागायतदार चिंतामणी बर्व्यांची मुलगी. शाळेत मला दोन इयत्ता मागे. शिकायला ऑस्ट्रेलियात गेली, नोकरीला लागली, आणि एक दिवस नोकरी सोडून दोन पिशव्यांत दोन पतंग घालून परत आली. बर्व्यांची समुद्रकाठच्या पुळणीला लागून जागा होती, सुरूच्या बनाच्या अलीकडे. तिथे त्यांनी पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. पाऊस सरला की तिथेच पतंग शिकवण्याची शाळा काढायची, असं पोरीने ठरवलं होतं. गोष्ट दोन हजार सातची. तेव्हा आमच्याकडे पाहुणे यायचे ते आंबे खायला आणि गणपतीला. पतंगासाठी कोण येणार, असं सगळ्यांनी तिला विचारून झालं होतं. मीही विचारलं होतं.

तिला हाताशी गावातला एक माणूस हवा होता, समुद्र कळणारा आणि पतंग शिकायची तयारी असलेला. मी सात वर्षं मालवाहू बोटीवर खलाशी होतो आणि त्या दिवसांत सुटीवर घरी बसून होतो. म्हणून तिने मला विचारलं. पाण्यात असताना आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो. तिचे वडील समोर असले की मी तिला ताई म्हणायचो आणि ती हसू दाबायची.

तिने अट घातली ती सरळ होती. एप्रिल संपायच्या आत मी एकट्याने पाण्यात उतरायचं, लांब आत जायचं आणि जिथून उतरलो तिथेच परत बाहेर यायचं. म्हणजे वाऱ्यावर चढत यायचं. वाऱ्याबरोबर खाली वाहत जाऊन मग पुळणीवरून फळी काखेत मारून चालत आलो, तर ते धरायचं नाही. जमलं तर बारमाही नोकरी. नाही जमलं तर ती गोव्याहून माणूस आणणार.

आणि नाही जमलं तर मी बोटीवर. पाच मे ला मला मुंबईत नवीन बोट धरायची होती, एजंटला होय की नाही ते दोन तारखेपर्यंत कळवायचं होतं. बोटीचा मला वीट आला होता. बाप गेला तेव्हा मी ब्राझीलच्या किनाऱ्याला होतो. घरी पोचलो तो एकोणिसावा दिवस. अग्नी काकाने दिला होता, तेरावंही उरकलं होतं, आणि मला करायला काहीच शिल्लक नव्हतं. या सुटीत घरी आलो तर साडेतीन वर्षांची माझी लेक आईच्या मागे लपून विचारायला लागली, हे परत कधी जाणार? माझी बायको राजश्री हसली, मीही हसलो. मग मागीलदारी विहिरीवर जाऊन बसलो, आणि तिथे काही मला हसू आलं नाही. मला घरी राहायचं होतं. बाकी पतंगबितंग सगळं त्याच्यासाठी.

फेब्रुवारीत सुरुवात केली. आमच्याकडे सकाळी मतलय वारा असतो, जमिनीवरून पाण्याकडे जाणारा. तो पडला की मध्ये तास-दोन तास कुत्रंही हलत नाही, आणि मग दुपारी समुद्रावरून खारा वारा उठतो तो दिवस मावळेपर्यंत. आम्ही त्या खाऱ्या वाऱ्यावर शिकायचो. पहिले आठ दिवस तिने मला पाण्याला पाय लावू दिला नाही. वाळूत उभं करून हातात एक चिमुकला पतंग दिला आणि म्हणाली, समोर मोठं घड्याळ आहे समज. डोक्यावर बारा, उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. पतंग बारावर असला तर गप्प असतो. खाली मध्यावर आणलास की तो तुला उचलून नेईल.

मी त्याला मध्यावर आणला. मुद्दाम नव्हे, आला. पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण माझं तोंड वाळूत होतं. पंधरा-वीस पावलं मी पोटावर गेलो. मागून ऋजुता सोड, सोड म्हणून ओरडत होती. पतंग पडला तेव्हा ती धावत आली आणि तिने विचारलं, सोड म्हटलेलं ऐकू येत नाही का? ऐकू येत होतं. हातांना येत नव्हतं.

कारण असं, की त्या दांड्याचं सगळंच उलटं. दांडा अंगाशी ओढला की पतंग जोर धरतो. दांडा लांब सारला की मऊ पडतो. सोडून दिला तर मेल्यासारखाच होतो. म्हणजे भीती वाटली की हात मोकळे करायचे. आता हे कुणाला सांगताय? आमच्या घरात चालायला लागल्यापासून शिकवलेलं, की दोरी पळायला लागली की आणखी घट्ट धर. बोटीवर तेच. मला भीती वाटली की माझे हात आपसूक छातीशी यायचे, आणि पतंग म्हणायचा, चल.

दांड्याच्या खाली एक लाल मूठ होती. अगदीच गळ्याशी आलं तर ती पुढे ढकलायची, की आकडा सुटतो आणि माणूस पतंगापासून मोकळा. ऋजुताने या मुठीचा ध्यासच घेतला. मला पट्टा बांधून वाळूत उभं करायची आणि रोज वीस वेळा ती मूठ ढकलायला लावायची. वीस झाले की संपलं असं नाही. आम्ही चहा पीत असू, पट्टा माझ्या कमरेलाच, आणि ती मध्येच ओरडायची, मूठ. दोनदा चहा सांडला. मार्चच्या अखेरीला असं झालं, की तिने म चा उच्चार करायच्या आत माझा हात मुठीवर गेलेला असायचा. तिने पाठ थोपटली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग पाणी. आधी फळी नाहीच. नुसतं पाण्यात पालथं पडून पतंगाने आपल्याला ओढत न्यायचं. नाकातून, कानातून, जिथून म्हणाल तिथून पाणी. मीठ खाऊन खाऊन मला घरची आमटी अळणी लागायला लागली. फळी दिल्यावर आणखी गंमत. पाठीवर तरंगत दोन्ही पाय फळीच्या पट्ट्यांत घालायचे, पतंग खाली घ्यायचा, आणि तो ओढेल त्याच्या जोरावर उठून उभं राहायचं. मी उठायचो आणि थेट पलीकडे तोंडावर पडायचो. कधी उठायचोच नाही. कधी मी एकीकडे आणि फळी एकीकडे, आणि मग ती शोधत पोहायचं. संध्याकाळी घरी आलो की राजश्री पाठीला खोबरेल चोळायची आणि म्हणायची, यापेक्षा बोट बरी. म्हणायची तेवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी टॉवेल तीच हातात द्यायची.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी उभा राहिलो. चार आकडे मोजेपर्यंत, जास्त नाही. पण त्या चार आकड्यांत पायाखालचं पाणी कापडासारखं गुळगुळीत झालं आणि आवाज बंद पडला. इंजिन नाही, वल्हं नाही, आणि मी चाललोय. सात वर्षं समुद्रावर होतो, पण तेव्हा मी लोखंडावर उभा होतो. मी मोठ्याने एक शिवी घातली. ऋजुताला ती ऐकू गेली आणि तिनेही तीच परत घातली. त्यानंतर मला घरी राहायचं होतं ते होतंच, पण पतंगही हवासा झाला.

वाडीने मात्र मजा केली. काशीराम म्हणून आमच्या शेजारचा एक होता, तो मला पट्टा बांधताना बघायचा आणि हात जोडायचा. मारुतराय लंकेला निघाले, असं म्हणायचा. पोरं शेपूट कुठे म्हणून विचारायची. एकटा भागोजीकाका काही बोलायचा नाही. हा माझ्या बापाचा धाकटा भाऊ, रापणीचा तांडेल म्हणजे म्होरक्या. त्याच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या, एक खेडला आणि एक नाट्याला, आणि घरात तो आणि सोनूकाकी दोघंच. बाप गेल्यापासून आमच्या घरचं सगळं त्यानेच बघितलेलं. एक दिवस तो येऊन उकिडवा बसला, पतंगाची दोरी दोन बोटांत घेऊन चोळली आणि म्हणाला, ही दोरी न्हवं, दोरा हाय. हिला धरायचा कसा? मी म्हटलं, हिला धरायचंच नाही काका, दांडा धरायचा. त्याला ते पटलं नाही. उठून गेला.

रापण म्हणजे काय ते सांगायला हवं. होडीने मोठं जाळं समुद्रात अर्धगोल सोडत जातात आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या पुळणीवर आणतात. मग एकेका दोरीला दहा-बारा माणसं लागतात आणि जाळं ओढून काढतात. आमच्याकडे रीत अशी, की पुळणीवर दोरी ताणलेली दिसली की हात लावायचा. विचारायचं नाही. रस्त्याने जाणाऱ्या पोस्टमननेही हात लावला तर त्याला मासळीचा वाटा मिळतो. पण एकदा हात लावलात की जाळं काठाला लागेपर्यंत सोडायचा नाही. तळहात सोलला म्हणून सोडाल तर पुन्हा दोरीला उभं करत नाहीत. आमच्या भिकाजीच्या आजोबाने कधीकाळी एकदा सोडली होती, तर त्या घराला अजून दोरी सोडणारे म्हणतात. भिकाजी बिचारा इतका ओढतो, तरी म्हणतात.

अठ्ठावीस एप्रिल, शनिवार. ऋजुताने पुळणीवर एक काठी रोवली आणि तिला लाल फडकं बांधलं. इथून उतर आणि इथे ये, म्हणाली. तिचाही जीव टांगणीला होता, कारण गोव्याचा माणूस तिलाही नको होता. त्याच दिवशी रापणवाले पुळणीवर होते. होडी जाळं घेऊन अजून गेली नव्हती, मासळीचा थवा कुठे दिसतोय का बघत सगळे बसलेले. बिनपैशाचा तमाशा त्यांना आयताच मिळाला.

मी आत गेलो. वारा चांगला, सारखा. अर्धा मैल गेलो असेन, वळलो, पडलो नाही. फळीची कड पाण्यात दाबून धरली की ती वाऱ्यावर चढते, हे अंगाला कळलं होतं. दुसरा फेरा, तिसरा फेरा. प्रत्येक वेळी काठाजवळ आलो की लाल फडकं जवळ आलेलं दिसायचं. चौथ्या फेऱ्याला ते इतकं जवळ होतं, की मी मनात एजंटला नाही म्हणून सांगून टाकलं. चाळीस पावलं राहिली होती. तेवढ्यात वारा एकदम पडला, नको तिथे आणि नको तेव्हा, आणि पतंग घुटमळून काठालगतच्या उथळ पाण्यात आडवा झाला. मी छातीभर पाण्यात.

यात विशेष काही नव्हतं. पतंग रोज दहा वेळा पडायचा आणि मी रोज दहा वेळा उठवायचो. एक दोरी हळू ओढून ठेवायची आणि वाऱ्याची वाट बघायची, बस. ऋजुता हे जाणून जागची हलली नाही. पण पुळणीवरच्या वीस जणांना काय दिसलं? पाण्यात माणूस, त्याच्याकडे गेलेल्या दोऱ्या, आणि दोऱ्यांचं दुसरं टोक आपल्या पायाशी. ते उठले आणि धावले. सगळ्यांच्या पुढे भागोजीकाका. त्याने दोरी उचलली आणि मागे बाकीचे लागले. मला ओढून काढायला लागले, रापणीसारखं, ताल धरून.

मी ओरडलो की सोडा. ऋजुता धावत आली, तीही ओरडत होती. कोण सोडतोय? दोरीच्या टोकाला माणूस आहे आणि तो म्हणतोय सोडा, म्हणजे तो भ्यालाय, एवढंच त्यांना कळलं. ओली दोरी बारीक, तळहातातून निसटत होती. म्हणून काकाने तिचा डाव्या हाताच्या बोटांना वेढा दिला. हे मी बघितलं. स्वच्छ बघितलं, मी त्याच्यापासून काही फार लांब नव्हतो. आणि तिकडे काशीरामला वाटलं पतंगाचं धूड वाटेत येतंय, बाजूला करावं, म्हणून त्याने त्याची कड पाण्याबाहेर उचलली. वारा परत आला होता. तो आत शिरला.

पतंग उठला तो सरळ मध्यावर उठला. मला असा हिसका बसला की मी पाण्यातून अर्धा बाहेर आलो आणि परत आत गेलो. दोऱ्यांवर वीस माणसं लोंबकळत असल्यामुळे पतंगाला काही धड करता येईना, तो गरगर फिरायला लागला आणि प्रत्येक फेऱ्याला जास्त ओढायला लागला. बाकीच्यांच्या हातांतून दोरी कापत गेली तशी ते सुटले. काका सुटला नाही. एका बाजूला पतंग, दुसऱ्या बाजूला मी, आणि मध्ये बोटांना वेढा घेतलेला काका. माझं वजन होतं तोवर ओढ दोघांत वाटली जात होती. मी विचार केला असता तर हे मला कळलं असतं. मी विचार केला नाही. मला भीती वाटली आणि माझा हात लाल मुठीवर गेला.

मी सुटलो. सगळी ओढ काकाच्या बोटांवर आली. तो वाळूवरून फरपटत सुरूच्या बनापर्यंत गेला. तिथे पतंग झाडांत अडकला, दोरी तुटली आणि सगळं थांबलं.

डाव्या हाताची दोन बोटं. रत्नागिरीला नेलं, त्याच संध्याकाळी दुसऱ्या पेरापासून काढावी लागली. बर्व्यांनी गाडी दिली, स्वतः रात्रभर बाकावर बसून राहिले. ऋजुताने पतंग सोडवून आणला, दोऱ्या गुंडाळल्या. उघडी पडलेली लाल मूठ तिने बघितली आणि स्वतःच्या हाताने बंद करून पिशवीत ठेवली. नंतर मला एवढंच म्हणाली, की मी शिकवलं होतं ते तू बरोबर केलंस, आणि मी कुणाला काही सांगणार नाही. नोकरीचं म्हणशील तर तू पोचलाच होतास असं मी धरते, असंही म्हणाली. पण आता नोकरी कसली? वाडीने पुळणीवर पतंग बंद करून टाकला होता. तांडेल उठवेल तेव्हाच बंदी उठेल, असं ठरलं होतं.

एक मे ला काका घरी आला. संध्याकाळी सगळी रापण त्याच्या पडवीत जमली. काशीराम कोपऱ्यात मान घालून बसलेला. काकाने त्याला काही विचारलं नाही. त्याने तुटलेल्या दोरीचा तुकडा मागवून घेतला, सगळ्यांना दाखवला आणि सांगितलं, दोरा होता, तुटला. पोरानं शेवटपत्तर सोडला नाय. त्याच्या बापासारखा हाय. आणि मग त्याने ठरवलेलं सांगितलं. त्याचा हात आता दोरीला चालणार नाही. तांडेलकी तो काठावर बसून करेल. पण दोरीवरची सगळ्यात पुढची जागा, त्याची स्वतःची, ती मला. पूर्ण वाटा. गावात राहून घर चालेल एवढा.

सगळ्यांनी होय म्हटलं. भिकाजीने येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. सोनूकाकीने साखर आणली. मी ती खाल्ली. घरी गेलो तर राजश्रीला बातमी आधीच कळली होती. आता बोट नको ना, तिने तीनदा विचारलं. लेकीला नवीन फ्रॉक घातला होता. का, ते तिलाही माहीत नव्हतं. उद्या एजंटला फोन करतो, एवढंच म्हटलं.

रात्रभर मी स्वतःशी भांडलो. गप्प बसायला काय जातं? दोरी तुटलीच होती, तुकडा सगळ्यांनी बघितला होता. ऋजुता बोलणार नव्हती. काका सुखात होता, दोन बोटं गेली तरी पुतण्या दोरी धरणारा निघाला, याचं त्याला काय ते कौतुक होतं. पण उद्यापासून त्याच्या जागेवर मी उभा राहणार, तो काठावर बसून माझ्या हातांकडे बघणार, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट सांगणार. माझी मला लाज वाटत होती. सकाळी उठून मी काकाकडे गेलो.

तो पडवीत एकटाच होता. बांधलेला हात मांडीवर. मी त्याच्यासमोर बसलो आणि म्हटलं, "काका, दोरी तुटली ती सुरूत, मागनं. त्याच्या आधी मी सोडली होती."

मग मी लाल मुठीचं सांगितलं, रोज वीस वेळा करायचो तेही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "मी बोटांना येढा घेतला, तो तू बगितला होतास?"

"बघितला होता."

त्याने तंबाखूची पिशवी माझ्याकडे सरकवली. एका हाताने त्याला मळता येत नव्हती. मी मळून दिली. ती त्याने दाढेत ठेवली. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तुला सोडायलाच शिकिवला होता," तो म्हणाला. "हात शिकला तसा चालला. तुजी चूक नाय."

माझा जीव खाली पडला. पण त्याचं संपलं नव्हतं.

"पन रापनीला तू नको, सुजय. मागं उबा राहतो तो पुडच्याच्या भरवशावर वढतो. त्याला मी काय सांगू?"

मी मान हलवली. त्याने काकीला हाक मारली आणि काशीरामला निरोप द्यायला सांगितला, की पतंगाची बंदी उठली, तांडेलाने उठवली. जागा भिकाजीला दिली म्हणूनही सांग, म्हणाला. का, ते काकीने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. मग माझ्याकडे न बघता बोलला, की त्या बर्व्यांच्या पोरीकडे जा, तिच्याकडे सोडलेलं चालतं. एजंटाला नाय म्हणून कळव. घर सोडून जायचं नाही.

मी उठलो. पायऱ्या उतरत होतो तेव्हा त्याने परत हाक मारली.

"आनि रापन लागली का पुळनीवर येत जाऊ नको. तू दोरीला हात लावशील, आनि तुला नको म्हनायला माज्याच्यानं हुनार नाय."

मी सड्यावर, वाडीमागच्या कातळमाथ्यावर चढलो, कारण वाडीत मोबाईलला रेंज नसायची, आणि एजंटला फोन करून नाही म्हणून सांगितलं. तो चिडला, परत बोट मिळणार नाही म्हणाला. मी बरं म्हटलं. तिथून खाली रापणीची होडी पाण्यात लोटताना दिसत होती. मी लांबच्या वाटेने घरी गेलो. राजश्री दारातच उभी होती. मी तिला सांगितलं की एजंटला नाही म्हटलं, ऋजुताची नोकरी घेतली, आता मी इथेच, कुठे जात नाही. ती हसली आणि तिने आत लेकीला हाक मारली. मग तिने माझ्याकडे नीट बघितलं.

"मग रडताय कशाला?" ती म्हणाली.